शिफ्टचं बटण तुमच्याकडे होतं

पत्राचा सारांश: वाचक ३६ वर्षांच्या आहेत आणि वयाच्या आठव्या वर्षापासून व्हिडिओ गेम खेळतात. पंधरा वर्षांच्या भाचीने मध्यंतरी सहज विचारलं, 'आत्या, तुझे सगळ्यांत आवडते गेम कोणते? आणि का?' त्यांनी वही उघडून दहा नावं भराभर लिहिली. 'का' मात्र तीन महिने झाले तरी लिहून होत नाही. 'शॅडो ऑफ द कलॉसस'वर लिहायला बसल्या, तर दोन पानं नुसती गोष्टच उतरली. 'टेट्रिस'वर एक ओळही सुचली नाही. लहानपणी मोठ्या भावाबरोबर खेळलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' त्यांनी पुन्हा लावून पाहिला आणि अर्ध्या तासात कंटाळून बंद केला. भाऊ बाणांची बटणं चालवायचा, 'माझ्याकडे फक्त शिफ्ट असायचं,' असं एका ओळीत लिहून त्या पुढे जातात. 'सेलेस्ट' त्यांना फार आवडतो, पण तो त्यांनी मदतीचा मोड लावून, दम संपू नये एवढी एकच सोय घेऊन खेळला. भाऊ म्हणतो, तसं खेळलेलं धरायचं नसतं. दहातले चार गेम अपुरे राहिले आहेत. मोबाइलवरचा एक गेम दोन वर्षं रोज खेळून काढून टाकला, तो यादीत घ्यावा का हेही ठरत नाही. त्या विचारतात, 'माझं हे प्रेम खरं आहे की नुसत्या लहानपणाच्या आठवणी? अर्धवट आणि सोपं करून खेळणाऱ्या माणसाला आवडत्या गेमबद्दल बोलायचा हक्क आहे का? आणि इतक्या वर्षांनी एवढंही सांगता येत नसेल, तर ते सगळे तास गेले कुठे?'

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा तुमच्या प्रश्नांची उत्तरं जुळवत होते. चौथ्यांदा एका ओळीपाशी अडले आणि ठरवलं, सुरुवात इथूनच करायची. 'माझ्याकडे फक्त शिफ्ट असायचं.' या वाक्यातलं 'फक्त' मला पटलेलं नाही.

ज्यांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' कीबोर्डवर खेळलेला नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. बाणांची बटणं दाबली की राजपुत्र धावतो, उडी मारतो, वर चढतो. पण जमिनीतून सुळे वर येतात तिथे एकेक पाऊल जपून टाकायचं असेल, तर शिफ्ट. उडी आखूड पडली आणि पलीकडची कड हाताने धरायची असेल, तर शिफ्ट. कडेला लोंबकळत राहायचं असेल तर शिफ्ट दाबूनच ठेवायचं, सोडलं की राजपुत्र खाली. तलवार उचलणं, कुपीतलं औषध पिणं, पहारेकऱ्यावर वार करणं, सगळं शिफ्टवर. दादा धावत होता, हे खरं. पण जपणं, धरणं आणि वार करणं हे एका आठ वर्षांच्या मुलीच्या बोटाखाली होतं, आणि तेही दुसऱ्याच्या हातातली उडी नेमकी कधी निघणार याचा अंदाज घेत. वर राजकन्येला सोडवायला ६० मिनिटांची मुदत. तुम्ही दोघं मिळून एकच शरीर चालवत होता.

आता इतक्या वर्षांनी तुम्ही तो गेम लावलात तेव्हा सगळी बटणं तुमच्याच हातात होती. उडीचा अंदाज घ्यायला शेजारी कोणी नव्हतं. चुकलं तर 'तू उशिरा दाबलंस' असं म्हणायला कोणी नव्हतं. गेम तोच होता, खेळ तो नव्हता. आणि त्या न जमलेल्या अर्ध्या तासावरून तुम्ही निष्कर्ष काढलात की लहानपणीचं प्रेमच पोकळ होतं.

तुमच्या कंटाळ्याला आणखी एक कारण आहे, ते गेमच्या बाजूचं. हा गेम करणाऱ्या जॉर्डन मेक्नरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, धावताना आणि उड्या मारताना चित्रित केलं आणि त्या चित्रीकरणाची एकेक चौकट बघून राजपुत्राची हालचाल काढली. १९८९ साली गेम आला तेव्हा पडद्यावर इतकं माणसासारखं धावणारं पात्र विरळाच होतं. पण माणसाला जसं धावता धावता जागच्या जागी थिजता येत नाही, तसं त्यालाही येत नाही. बटण सोडलं तरी एक-दोन पावलं पुढे जातो. वळायला वेळ घेतो. बटण दाबताक्षणी हुकूम पाळणाऱ्या आजच्या गेमची सवय झालेल्या बोटांना हे जड जाणारच. तेव्हा तुमचा कंटाळाही खरा माना, तो लपवू नका. आणि राहवत नाही म्हणून सांगते, तुम्ही भावाबरोबर ज्या गेमवर जीव लावलात, त्यातला राजपुत्र कुणाच्या तरी भावाच्याच पावलांनी धावतो.

'प्रेम खरं की नुसत्या आठवणी' या प्रश्नात तुम्ही आठवण म्हणजे भेसळ असं धरून चालला आहात. जणू आठवणी गाळून घेतल्या की खाली गेमचा शुद्ध अर्क उरेल, आणि तो गोड लागला तरच प्रेम खरं. मला हे मान्य नाही. डिस्कवर असतो तो गेम. खेळणं घडतं ते माणसाच्या हातून, एका वयात, कुणाच्या तरी शेजारी बसून. ते वय आणि तो शेजार वजा करून जे उरतं, त्यावर तुम्ही कधी प्रेम केलंच नव्हतं, मग ते आज आवडलं नाही याचं दुःख कशाला? वहीत या गेमसाठी दोन टिपणं करा. एक आठ वर्षांच्या मुलीचं, एक छत्तीस वर्षांच्या बाईचं, दोन्हींवर साल घालून. एकाने दुसऱ्याला खोटं पाडायची गरज नाही. भाचीला मात्र दोन्ही वाचायला द्या.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येऊ. तिने 'आवडते' गेम विचारले होते. तुम्ही लिहायला बसलात तोवर मनातल्या मनात त्याचं 'सर्वोत्तम' झालं, आणि मग प्रत्येक नावाचा बचाव करायची वेळ आली. चित्रं किती सुंदर, खेळ किती मोठा, दहापैकी किती गुण, हे तिला कुठेही वाचायला मिळेल. तुमच्याकडून तिला हवं आहे ते दुसरीकडे मिळण्यासारखं नाही. म्हणून क्रमवारी लावू नका, गुण देऊ नका. दहा नावांत दुसरा नंबर कुणाचा आणि तिसरा कुणाचा या विचारात जी संध्याकाळ जाईल, तेवढ्यात एक पान लिहून होईल.

'शॅडो ऑफ द कलॉसस'वर लिहिताना गोष्टच का उतरली, हे मला समजतं. गोष्ट सांगणं सोपं असतं, तिचे शब्द तयार असतात. फुमितो उएदाच्या या २००५ सालच्या गेमची गोष्ट तशी तीन ओळींची आहे. वाँडर नावाचा मुलगा, मेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी एका निर्जन प्रदेशात येतो. १६ महाकाय प्राणी मारलेस तर ती कदाचित परत येईल, असा एक आवाज त्याला सांगतो. तो मारत जातो. बस. हे वाचून तो गेम काय आहे ते कुणालाही कळणार नाही.

माझ्या बोटांना काय आठवतं ते सांगते. प्लेस्टेशन २च्या कंट्रोलरवर पकडीचं बटण उजव्या हाताच्या तर्जनीखाली येतं. ते दाबून धरलं की वाँडर त्या प्राण्याच्या अंगावरचे केस मुठीत धरतो. प्राणी अंग झाडतो, वाँडर चिंधीसारखा हेलकावे खातो, पडद्याच्या कोपऱ्यातलं पकडीचं वर्तुळ आक्रसत जातं. बटण जास्त जोरात दाबल्याने पकड वाढत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी दर वेळी नख पांढरं पडेपर्यंत दाबत राहायचे. आणि प्राणी कोसळतो तेव्हा वाजतं ते संगीत जिंकल्याचं नसतं, शोकाचं असतं. माझं बोट तेव्हाही बटणावरच असायचं. ज्याला मारलं, त्यालाच मी धरून होते. या गेमबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते या एका बोटात आहे, दोन पानी गोष्टीत नाही.

तुमची ती दोन पानं फाडू नका. त्यांतून दोन ओळी ठेवा आणि पुढे 'तेव्हा मी काय करत होते' असं लिहायला लागा. वाँडरने काय केलं ते बाजूला राहू द्या. तुम्ही कुठे थांबलात, काय करायला धजावला नाहीत, घोड्यावरून उगाच किती हिंडलात. त्या ओसाड प्रदेशात त्या सोळांखेरीज शत्रू नाहीत, वाटेत गोळा करायला फारसं काही नाही. मग तुम्ही तिथे हिंडत का होता? याचं उत्तर तुमच्याखेरीज कुणाकडे असणार?

अशी भावना सापडली की लगेच पुढच्या गेमकडे वळू नका. ती कशाने निर्माण झाली तेही शोधा, कारण 'भीती वाटली', 'मजा आली' हे शब्द सगळ्याच गेमना लागू पडतात. एक जुनं उदाहरण देते. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले वेगाने सरकू लागतात, शेवटचा तर सुसाट पळतो. तोमोहिरो निशिकादोने १९७८ साली हा गेम केला, तेव्हा वेग असा वाढावा हे त्याने मुळात ठरवलेलं नव्हतं. यंत्राची ताकद इतकी तोकडी होती की पडद्यावर सगळे शत्रू असताना ते हलवायलाच त्याला वेळ लागायचा. ते मरत गेले की यंत्राचं ओझं उतरायचं आणि उरलेले आपोआप चपळ व्हायचे. निशिकादोने ते तसंच राहू दिलं. जिंकत आलं की धडधड वाढते, हा त्या गेमचा जीव आहे, आणि तो एका अशक्त यंत्रातून आला. हे कळल्यावर माझी धडधड कमी झाली नाही. उलट, मला काय झालं होतं ते नेमक्या शब्दांत सांगता यायला लागलं.

'टेट्रिस'वर ओळ सुचत नाही याची तुम्हाला खंत वाटते. मला त्यात नवल वाटत नाही. अलेक्सी पाजितनोव्हने १९८४ साली मॉस्कोत ज्या संगणकावर तो केला, त्या इलेक्ट्रॉनिका ६०ला चित्रं काढताच येत नव्हती. पडणारे ठोकळे कंसांच्या चिन्हांनी मांडलेले होते. गोष्ट नाही, पात्र नाही, गाव नाही. चार चौकोनांपासून होणारे सात आकार, आणि पूर्ण झाली की नाहीशी होणारी ओळ. आठवणीला टांगायला खुंटीच नाही. पण खुंटी नसली म्हणून आठवण नाही असं होत नाही. झोपेचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या गटाने २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना टेट्रिस खेळायला लावलं आणि झोप लागता लागता डोळ्यांपुढे काय येतं ते विचारलं. अनेकांना पडणारे ठोकळे दिसत होते. खेळणाऱ्यांत स्मृती गमावलेले काही रुग्णही होते. आपण हा गेम खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, आणि तरी त्यांच्यातल्या काहींना ठोकळे दिसले. तेव्हा तुमच्या कोऱ्या पानावरून 'मला काही सांगायचंच नाही' असं ठरवून टाकू नका. ते शब्दांत साठवलेलं नाही, एवढंच.

त्याला शब्दांत आणायचं तर असं विचारा. चार चौकोन सरळ रेषेत असलेल्या लांब काडीसाठी तुम्ही कडेचा रकाना मोकळा ठेवता का? ठेवत असाल, तर बाकीचा ढीग किती वर येईपर्यंत वाट पाहता? की मिळेल तो ठोकळा मिळेल तिथे बसवून मोकळ्या होता? एक चुकीचा बसला तर पुढच्या दहा ठोकळ्यांत हात बिघडतो का? मी स्वतः फार वाट पाहणारी आहे. काडी येईल, येईल, करता करता कितीतरी डाव गमावले आहेत, आणि अजूनही रकाना मोकळा ठेवते. या चार प्रश्नांची उत्तरं लिहिलीत तर 'टेट्रिस'चं टिपण झालं, त्यात गोष्टीची उणीव भासणार नाही.

आता दादाचं म्हणणं. सोपं करून खेळलेलं धरायचं नसतं, असं तो म्हणतो. 'सेलेस्ट' हा मॅडलिन नावाच्या मुलीने डोंगर चढण्याचा गेम २०१८ साली आला तो मदतीचा मोड घेऊनच. गेमचा वेग कमी करणं, दम न संपणं, इजा न होणं, या सोयी ज्यांनी गेम केला त्यांनीच मेनूत ठेवल्या आहेत. आणि ज्या मोडला आपण मदतीविना म्हणतो, त्यातही मदत भरलेली आहे. ती मेनूत दिसत नाही, इतकंच. पायाखालची कड संपून गेल्यावरही काही क्षण उडी मान्य होते. उडी मारताना डोकं कोपऱ्याला निसटतं आपटणार असेल, तर मॅडलिनला किंचित बाजूला सरकवून वाट करून दिली जाते. हा गेम करणाऱ्या मॅडी थॉर्सनने या युक्त्या स्वतःच खुलेपणाने सांगितलेल्या आहेत. म्हणजे जो कुणी त्या डोंगराच्या माथ्यावर पोचला, त्याला गेमने वाटेत हात दिलेलाच आहे. कुणाला किती, एवढाच प्रश्न.

तरी दादाचं म्हणणं पूर्ण उडवून लावू नका, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे. काही अनुभव अडकल्याशिवाय मिळत नाहीत. २०११ सालचा 'डार्क सोल्स' मी खेळले तेव्हा दोन धूर्त शत्रूंनी मला आठवडाभर एकाच दाराशी रोखून धरलं होतं. त्यानंतर जे वाटलं, ते पहिल्याच फटक्यात जिंकून वाटलं नसतं. 'सेलेस्ट'मध्ये भिंत धरून राहिलं की दम संपत जातो, मॅडलिन लाल-पांढरी लुकलुकू लागते आणि शेवटी हात सुटतो. तुम्ही हा दम न संपणारा केलात. त्यामुळे थकण्याची ती भीती तुमच्या वाट्याला आली नाही. हे टिपणात साफ लिहा. पण त्याबरोबर हेही लिहा की मग त्या डोंगरावर तुम्हाला काय मिळालं. न थकता भिंतीला धरून राहता येतं, तेव्हा माणूस इकडेतिकडे बघतो का? कुठल्या भिंतीवर सगळ्यांत जास्त वेळ थांबलात? दादाला हे ठाऊक असणं शक्य नाही, आणि मलाही नाही.

अपुऱ्या चार गेमबद्दल मी फार बोलणार नाही. जिथे सोडला ती जागा लिहा आणि का सोडला ते लिहा. कंटाळा, राग, परीक्षा, संपू नये असं वाटणं, काहीही. 'पूर्ण' हा शब्द गेमना नीट बसतही नाही. १९८९ सालच्या निन्टेन्डोवरच्या 'टेट्रिस'मध्ये गेमच गोठून थांबेल इथपर्यंत पहिल्यांदा एक १३ वर्षांचा मुलगा पोचला तो २०२३च्या डिसेंबरात. पूर्ण करणं हीच अट लावली तर तोवरच्या ३४ वर्षांत कुणालाच त्या गेमबद्दल बोलता आलं नसतं.

आता मला तुमच्या पत्रात दिसलेली एक गोष्ट सांगते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मध्ये तुमच्याकडे कड धरून ठेवायचं बटण होतं. 'शॅडो ऑफ द कलॉसस' हा सगळाच्या सगळा धरून ठेवण्याचा गेम आहे. 'सेलेस्ट'मध्ये भिंत धरायला वेगळं बटण आहे, आणि इतक्या सोयींमधून तुम्ही नेमकी एकच उचललीत, हात सुटू नये ही. तीन गेम, तीन वेगळी वयं, आणि बोटाला काम तेच. हे तुम्हाला गोष्टींतून दिसलं नसतं, कारण राजकन्या, महाकाय प्राणी आणि डोंगर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी हे बाहेरून पाहते आहे, तेव्हा माझं चुकतही असेल. 'टेट्रिस' या रांगेत बसत नाही, त्याला ओढूनताणून बसवू नका. पण यादीतल्या ज्या गेमची नावं तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, ती या नजरेने एकदा चाळून पाहा. आठ वर्षांच्या मुलीला दिलेलं काम छत्तिसाव्या वर्षीही तिला आवडत असेल, तर 'नुसत्या आठवणी' हे शब्द त्याला कसे लावायचे?

मोबाइलवरचा तो गेम मात्र मी आवडत्यांच्या यादीत घेणार नाही. तुम्ही त्याचं नाव लिहिलेलं नाही, तरी वर्णनावरून जात ओळखू येते. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, ऊर्जा संपली की चार तासांनी या. असे गेम आपण परत यावं यासाठी बेतलेले असतात. परत आल्यावर काय करायचं, हा त्यांच्या लेखी दुय्यम प्रश्न असतो. मीही अशा एका गेममध्ये सव्वा वर्ष घालवलं आहे. आज त्यातला एकही दिवस दुसऱ्या दिवसापासून वेगळा करून सांगता येत नाही. तुमच्या दोन वर्षांतला एक क्षण सांगून पाहा, फक्त एक. सांगता आला तर माझं म्हणणं मागे. नाही आला, तर वहीच्या शेवटच्या पानावर प्रामाणिकपणे तेवढंच लिहा. पंधरा वर्षांच्या मुलीला ते पान आवडत्या दहांइतकंच उपयोगी पडेल, कारण असे गेम तिच्याही मोबाइलवर असणार.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, तास गेले कुठे. गेम खेळल्याने बुद्धी तल्लख होते, हात चपळ होतात, असं काहीतरी सांगून त्या तासांचा हिशेब मी जुळवून देणार नाही. काही तास खरोखर वाया गेले, माझेही. पण कुठले गेले आणि कुठले राहिले हे वेगळं करता येतं, आणि ते वेगळं करण्याचं काम तुमची वही करते आहे. तीन महिने रखडली असली तरी.

लिहायचं कसं, हे तुमच्यासाठी आणि असं काही लिहू पाहणाऱ्या इतरांसाठीही. एका बैठकीत एकच क्षण घ्या, पूर्ण गेम घेऊ नका. गेम नुकताच खेळून झाला असेल तर त्याच रात्री लिहा, दुसऱ्यांचं मत वाचण्याआधी. दुसऱ्याचं वाचलं की आपल्याला काय वाटलं होतं त्यावर त्याचे शब्द चढतात आणि मग ते खरवडून काढता येत नाहीत. २०१२ सालचा 'जर्नी' मी असा त्याच रात्री लिहून ठेवला. त्या गेममध्ये वाळवंटात दुसरा खरा खेळाडू भेटतो, पण त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, सूर तेवढा काढता येतो. बर्फाच्या चढावर दोघांच्या गळपट्ट्यातला उजेड थंडीने विझत जातो आणि एकमेकांजवळ राहिलं की परत येतो. माझा सोबती तिथे मागे राहिला. मी थांबून सूर काढत राहिले, तो आला नाही. शेवटी, भेटलेल्या सोबत्यांची नावं पडद्यावर येतात, त्यात त्याचं नाव होतं. मी किती वेळा सूर काढला हे आज मला सांगता येतं, कारण वहीत लिहिलेलं आहे, अकरा वेळा. जुन्या गेमचं असं काही लिहिलेलं नसेल, तर आठवतं तेवढंच लिहा. भोकं बुजवू नका.

लिहिणं जमतच नसेल तर बोला. भाचीने बोलूनच विचारलं होतं. हातात कंट्रोलर घेऊन सांगणं पुष्कळांना जास्त जमतं, कारण बटणाला हात लागला की बोटं आठवण काढून देतात. फक्त एक पथ्य पाळा. काही गेम पहिल्यांदा एकदाच खेळता येतात. २०१९ सालच्या 'आउटर वाइल्ड्स'मध्ये दर २२ मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि खेळणाऱ्याकडे उरतं ते त्याला कळलेलं, दुसरं काही नाही. असा गेम यादीत असेल तर त्याबद्दल भाचीला तुमची अवस्था सांगा, उत्तर सांगू नका. आणि तिला तुमचे गेम आवडावेत ही अपेक्षा ठेवू नका. तिने कारण विचारलं आहे, शिफारस नाही.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' पुन्हा एकदा लावा, पण एकट्याने नको. दादा यायला तयार असेल तर उत्तम. नसेल तर भाचीला शेजारी बसवा आणि बाणांची बटणं तिच्याकडे द्या. पहिल्या लेव्हलला राजपुत्राकडे तलवार नसते, आणि दाराच्या वाटेवर पहारेकरी उभा असतो. ती नि:शस्त्रच त्याच्यासमोर जाईल, तुम्हीही तेव्हा तशाच गेला असाल. तलवार कुठे आहे ते तिला सांगू नका.